दहा लाख एक

पांढुर्णा, जानेवारी १९८४, गुरुवार संध्याकाळ

सौंसरच्या सभेत आज गरजलो, "दहा लाखांत एक मिळवा, ती संख्या कशानंच भागली जात नाही. एकजूट अशी असते." टाळ्या पडल्या. नंतर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. "भाऊ, एकशे एकनं भागून पाहा ना. काहून लोकाइले असं सांगून राहिले?"

घरी येऊन भागलं. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य. सभेआधी मी एकोणीसपर्यंतचेच भाजक तपासून थांबलो होतो, का थांबलो? राग यायला हवा, पण मन त्या दोन तुकड्यांभोवती तरंगतंय. किती अलगद भागली जाते ती!

उद्या रामाकोन्याच्या सभेला बाई नसतील, वाक्य खपेल. तरी आधी हा भागाकारच सांगीन. टाळ्यांचं वाक्य कुठून आणू, ठाऊक नाही.