आईला कोणी नेलं

१ तारीख

पोरी, लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. रोज चार ओळी लिहा, भेटायला आले की वाचीन, असं बजावून तू वही दिलीस आणि मी आजवर उघडलीच नाही. नव्या नोकरीत जीव गुंतला. काम बसल्या जागेचं आहे. इस्पितळाच्या तळघरात सर्व्हरची खोली आहे. तिथला गारवा टिकतोय का ते बघायचं आणि कार्डाशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो, त्यामुळे तुझा फोन चुकतो. पण तुझी आई वर दुसऱ्या मजल्यावरच आहे, नोकरीमुळे तिला खाट मिळाली. जेवणाच्या सुट्टीत भेटतो. श्वासाचं औषध वेळेवर मिळतंय. माझ्या टोपीवरून मला चिडवते, म्हणजे बरी आहे.

३ तारीख

आज गंमत झाली. आईच्या समोरच्या खोलीत एक म्हातारे मास्तर आहेत. सिस्टरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते घरी गेल्याचं दिसत होतं. मास्तर म्हणाले, मी घरी गेलो असेन तर हा चहा काय माझं भूत पितंय? सगळे हसले. पण इथलं औषधाचं कपाट पडद्याने हो म्हटल्याशिवाय उघडत नाही, म्हणून मास्तरांची गोळी चुकली. खाली कॉम्प्युटरच्या मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

४ तारीख

मास्तरांची खाट रिकामी. चादरही बदलली. पडद्यावर लिहिलंय, पुतण्याने नेलं. अगं, ते एकुलते एक, लग्न केलेलं नाही, मागेपुढे कुणी नाही, मला स्वतः सांगितलं होतं. पुतण्या आला कुठून? सिस्टर म्हणाली, काका, सही आहे ना, मग झालं.

मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला भगदाड आहे. त्यातून बाहेरचा माणूस आत येऊन घरच्यासारखा वावरतो. सॉफ्टवेअरच्या कंपनीने ते बुजवायला ठिगळ पाठवलंय. पण मॅडमचं म्हणणं, आधी एक दिवस सगळं बंद करून आत कोण शिरलाय ते शोधायचं, सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे, मग ठिगळ. इस्पितळाचे मोठे साहेब त्यांना म्हणाले, दिवसभर हाताने लिहायचं कुणी, तुम्ही? आधी भोक बुजवा, बाकीचं सवडीने.

५ तारीख

ठिगळ लागलं. साहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मी मॅडमना विचारलं, आता कुणी येणार नाही ना? म्हणाल्या, येणार नाही काका, पण आलाय तो गेलेलाही नाही. साप आत असताना बीळ लिंपलंय.

रात्री जेवण गेलं नाही.

६ तारीख

मॅडमचं कार्ड चालेना. पडद्यावर त्यांनी नोकरी सोडलीय. पहारेकऱ्याने फाटकातूनच परत धाडलं. गजांतून मला म्हणाल्या, काका, आता तुम्हीच उरलात. सर्व्हरची जाड निळी वायर उपटा, सगळं बंद पडेल, मग कपाटं किल्लीने उघडावीच लागतील.

साहेबांना विचारलं. म्हणाले, हात लावून बघा, तुमची खुर्चीही जाईल आणि बायकोची खाटही.

हात लावला नाही.

७ तारीख, सकाळ

पडद्यावर तुझ्या आईची खाट रिकामी. ती खाटेवर आहे — माझं बोट धरून. कपाट उघडेना. सिस्टरला म्हटलं, बाई, एकदा हिच्याकडे बघ. ती पडद्याकडेच बघते. साहेब फोन उचलत नाहीत. आईला धाप लागलीय. मला म्हणाली, टोपी नीट घाला आणि जा, काय ते करा.

७, दुपार

तळघरात येऊन वायर उपटली. दार मागे बंद झालं ते उघडत नाही — कार्ड लावलं की लाल दिवा लागतो — मीही नोकरी सोडली म्हणे.

दार बडवतोय. कुणी नाही.

वायर माझ्या हातात आहे आणि तरी इथल्या पडद्यावर नवी ओळ उमटली. दुसरा मजला. लेकीने नेलं. खाली तुझी सही. हुबेहूब तुझी —

लिफ्ट खाली आली. खाटेची चाकं. तळघरात खाट कशाला —

दाराबाहेर तुझी आई खोकली. तिचाच खोकला, मी ओळखतो.

हे पान दाराखालून सारतो. सापडेल त्याने माझ्या लेकीला द्यावं. पोरी, लवकर कळव. तू नेलं असशील तर तेवढंच कळव, मी रागावणार नाही. नेलं नसशील तर ही चाकं कोण —