खुर्चीमागची चिखलाची रेघ

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. चहाही गार झाला.

आज पुनर्वसन अधिकाऱ्यांच्या ऑफिसात बैठक होती. पुरात घरं गेलेल्या नदीकाठच्या लोकांना शहरातच, परवडेल अशा भाड्याची घरं द्या, एवढंच मागायचं होतं. मी त्यांची वकील. सोबत वस्तीतल्या फुलं विकणाऱ्या मंदाकाकू होत्या. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर पुराच्या चिखलाची रेघ. त्यांच्या डोक्याच्याही वर.

साहेब म्हणाले, "तुमची वस्ती पूररेषेत येते. तिथे घरं बांधता येणार नाहीत. मूर्तिजापूर रोडला, शहराबाहेर घरं आहेत. तिकडे जा."

"साहेब, पहाटी फुलं घ्याले मी बाजारात कशी येऊ? तिकून तं आटोबी भेटत नाई," काकू म्हणाल्या.

"ते आम्ही कसं पाहणार?"

काहून नाही पाहणार? बाजारामागची सरकारी जागा रिकामी पडली आहे, उंचावर आहे, पाणी तिथवर गेलंही नव्हतं. ती मागितली, तर म्हणे तिथे दुकानांचं संकुल होणार! पूररेषा काय फक्त गरिबांनाच लागते? यांचं ऑफिसही बुडालं होतं. ते गेलं का शहराबाहेर? आणि ती रेघ सारखी माझ्या डोळ्यांसमोर.

शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, जरा मागे वळून पाहा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल.

त्यांनी शिपायाला हाक मारली. म्हणाले, "ही भिंत अजून रंगवली नाही का रे?"