विश्वासने मोजलेलं माझं धाडस

भोपाळ

श्री. भालचंद्रराव यांस वसंताचा नमस्कार. आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि नागपूरचं ऊन सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही इथे आहोत, एवढंच.

आपले चिरंजीव विश्वास विद्यापीठाच्या संशोधनासाठी आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या घरगुती धंदेवाल्यांची उद्योजक वृत्ती मोजायला येऊन गेले. (ताप मोजतात तशी ही वृत्तीही मोजता येते, हे मला ठाऊक नव्हतं.) धाडस, नवी कल्पना आणि पुढाकार, प्रत्येकाला सातापैकी गुण. आता आमच्या घरात धंदा करते ती आपली बहीण शालिनी. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर चकल्या तळून तिने निम्मी टाउनशिप गिऱ्हाईक केली आहे. पण शास्त्राचा नियम असा, की प्रश्न संस्थेच्या प्रमुखालाच विचारायचे, आणि क्वार्टर माझ्या नावावर. शालिनी चहा ठेवून आत गेली आणि उत्तरं मी दिली. धोका पत्करता का? सात. (एकदा न कळवता रजा घेतली होती.) पुढाकार घेता का? सात. भाच्यासमोर माणूस स्वतःला तीन कसे देणार?

विश्वासने निकाल ऑफिसर्स क्लबात वाचून दाखवला. टाउनशिपमध्ये पहिला मी. टाळ्या पडल्या आणि माझाही ऊर भरून आला. नेमकी तेव्हाच कारखान्याला स्वेच्छानिवृत्तीसाठी माणसं हवी होती. साहेबांनी बोलावून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "वसंतजी, आप तो बाहर जाकर चमकेंगे. यहाँ क्यों सड़ रहे हैं?" बाकीच्यांनी कोणी आजारी आई पुढे केली, कोणी मुलीचं लग्न, आणि सुटले. मला ते सात आठवून गयावया करता येईना. सही केली. शेजारच्या प्रभाकरला धाडसात एक मिळाला होता, तो नोकरीवर आहे. आम्हाला पुढच्या महिन्यात क्वार्टर सोडायचं आहे. मला आपल्या मुलाचा राग येतो, त्याच्या विद्यापीठाचा येतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचा सर्वांत जास्त येतो.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. विश्वासला माझ्याकडून काही सांगू नये.

आपला,
वसंत

ता. क. शालिनीने शहरात अशोका गार्डन भागात दुकान घेतलं, वर राहायला दोन खोल्या. मला विचारलं नाही. हाताखाली चार बायका आहेत.

आणखी ता. क. तिला डबे पोचवायला माणूस हवा आहे. मी विचारून पाहिलं. म्हणाली, "बघू. तुम्हाला जमेलसं वाटत नाही." आपण थोरले भाऊ, आपला शब्द ती मोडत नाही. दोन ओळी लिहाव्यात. सायकल माझी स्वतःची आहे, हेही कळवावं.