जितूचा बक्कल नंबर

२८ एप्रिल
सकाळच्या बसने धुळ्याला पोचले. सावद्याहून निघताना आईने केळीचे वेफर्स दिले होते, तो डबा पहिल्याच हजेरीला संपला. जळगाव जिल्हा पोलिसात नऊ वर्षं काढून मी इथे विनंती बदली घेतली आहे. क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे, नळाला पाणी येतं, खिडकीतून हायवे दिसतो. मला आवडलं.

माझा धाकटा भाऊ जितेंद्र इथेच शिपाई होता. मागच्या मे महिन्यात बंदोबस्तावर उन्हाने गेला. त्याचा बक्कल नंबर १४१७ रिकामा होता, तो मी मागून घेतला. लिपिक भटूनानांनी तीनदा विचारलं. गेलेल्या माणसाचा नंबर आम्ही चार-पाच वर्षं कुणाला देत नाही, कशाला घेतेस पोरी? मी म्हटलं, घरातच राहू द्या.

३० एप्रिल
छातीवर लावायचं यंत्र मिळालं. त्यात कॅमेरा आहे. ते नाडी मोजतं, आपण उभे की बसलेले ते ओळखतं आणि कानातल्या इअरफोनमधून बाईच्या आवाजात सूचना देतं. सगळे त्याला सासूबाई म्हणतात. हवालदार पितांबरभाऊ म्हणाले, मोहिनीताई, लग्न न करता सासू मिळाली तुला. हसणं झाल्यावर सगळे बोलायला लागले. बाथरूमला सहा मिनिटं लागली तरी नोंद होते. बायकोशी फोनवर बोललेलं त्यात जातं का, कुणी सांगत नाही. बसलं की गुण कमी, आणि गुणांची यादी हजेरीला वाचून दाखवतात. एवढं बोलून प्रत्येकाने आपापल्या छातीकडे पाहिलं.

५ मे
जितूचा चौकशी अहवाल वाचला. त्यासाठीच मी आले. यंत्राच्या नोंदीप्रमाणे त्याने दुपारी १.१० ला पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, सोडला आणि झाडाच्या सावलीत तो मेला. म्हणजे ड्युटीवरचा मृत्यू नाही. म्हणजे कामचुकार. नोंद बरोबर आहे अशी घरच्यांची सही तेवढी बाकी आहे.

पितांबरभाऊ त्या दिवशी तिथे होते. ते म्हणाले, तो पॉइंटवरच पडला, आम्ही चौघांनी उचलून सावलीत नेला. त्याआधी तीनदा तो बसायला गेला आणि तीनदा यंत्राने त्याला उठवलं. यंत्राची नोंद आहे म्हणून भाऊंचा जबाब कुणी घेतलाच नाही.

मी सही केली नाही.

९ मे
मला तोच पॉइंट मिळाला. हायवेचा चौक, दुपारी ४४ डिग्री. यंत्र सुरू केलं तर आवाज म्हणाला, "जितेंद्र, कृपया पॉइंटवर परत या." पडद्यावर होतं: उरलेली ड्युटी २ तास ५० मिनिटं. माझी ड्युटी तर आत्ता सकाळी आठला सुरू झाली होती. त्या दिवशी जितू चारला सुटणार होता, १.१० ला त्याची बरोबर एवढीच बाकी होती. नाडी शून्य दाखवत होती. मी मनगटावर बोट ठेवून पाहिलं, चालू होती.

भटूनानांना सांगितलं. म्हणाले, "पोरी, ते यंत्र शे. त्याले नंबर समजस, माणूस नही."

१२ मे
भटूनानांनी कॉम्प्युटरवर १४१७ च्या नोंदी काढल्या. वर्षभर रोज एकच ओळ. १.१०, परत येण्याची सूचना दिली. त्याच्या दहाव्यालाही. दिवाळीलाही. नऊ मेपासून तिच्याखाली दुसरी ओळ आहे –

उत्तर मिळाले.

नानांनी स्क्रीन बंद केला आणि ते बाहेर जाऊन चूळ भरून आले.

१४ मे
उरलेली ड्युटी १ तास २०. रोज १.१० नंतर थोडी थोडी कमी होते. आज मला घाम आला नाही. ४५ डिग्री, आणि शर्ट कोरडा.

कानात जितू बोलला. आलो अक्का, आलो. घरी मी हाक मारली की असंच म्हणायचा. दमलेला होता. वर्षभर चालवलंय त्याला.

१६ मे
आमच्या साहेबांनी बोलावलं. सही केली की चौकशी बंद, नंबर बंद, सूचना बंद. नाहीतर चालूच राहील, ते त्यांच्या हातात नाही म्हणाले. म्हणजे जितू सुटेल, पण कामचुकार म्हणून. साहेब वाईट नाहीत. बोलताना त्यांनी स्वतःच्या छातीवरच्या यंत्रावर हात धरला होता.

मी म्हटलं, तो पॉइंटवर मेला असं लिहा, लगेच सही करते.

१८ मे
खुर्ची नेली. तो पडला त्या जागी ठेवून बसले. कृपया उभे राहा – चाळीस वेळा. मी मोठ्याने म्हटलं, जितू, बस. कुणाचं ऐकू नको. कानात कुणीतरी लांब श्वास सोडला –

समोर पितांबरभाऊ दुभाजकावर बसले. मग पलीकडचे दोघे. संध्याकाळी भटूनाना हळूच म्हणाले, "बठ्ठासले बसाडी दिधं तू." सगळ्यांना बसवलंस, म्हणे.

१९ मे
नाडी शून्य. मनगटावर बोट ठेवलं. मलाही लागत नाही –

भीती वाटते. उठणार नाही.

२० मे, पॉइंटवर
खुर्चीत बसून लिहिते. १.०७. पितांबरभाऊ पंधरा पावलांवर बसलेत. माझ्याजवळ कुणी नाही.

१.०९. माझ्या काखेत कुणीतरी हात घातलेत. दोघं मागून – दोघं पायाशी. दिसत नाहीत. झाडाकडे ओढतात –

डाव्या हाताने खुर्ची धरलीय. आवाज म्हणतो, पॉइंट सोडल्याची नोंद होत आहे –

खोटं. माझी नोंद ही. हाताने, वेळ घालून. १.१०. मोहिनी आणि जितेंद्र, दोघं पॉइंटवर आहेत. आम्ही सोडला नाही. आम्हाला उचलून ने