दुपारची खुर्ची माझी होती

तीर्थरूप ताईस,

पाठच्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझा कोणता गुडघा दुखतो ते मागच्या पत्रात वाचलं होतं, पण विसरले. तेव्हा दोन्हींची चौकशी करते. तुझ्या यजमानांचा खोकला थांबला असेल. नसेल थांबला तर मी विचारलं म्हणून त्यांना सांग, तेवढंच बरं वाटेल. इकडे सर्व क्षेम आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम वगैरे काही नाही. पुढे वाच.)

आमची धाकटी जाऊ तुला लग्नात दिसली होती, ती चष्मेवाली, शांत. शांत माणसांबद्दल मी तेव्हाच तुझ्या कानाशी लागून काय म्हटलं होतं ते आठव. घरात आल्याच्या तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिला प्रार्थनेला हाक मारली, तर 'मी चहात साखर घेत नाही' म्हणावं अशा सुरात ती म्हणाली, की मी देव मानत नाही, पण तुमचं होईपर्यंत गॅसकडे बघते. आणि बघितलंन. दूध उतू गेलं नाही, भाजी लागली नाही. पण ताई, ज्याला देवाची भीती नाही त्याला आणखी कोणाची असणार? मी त्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या उशीखाली घेऊन झोपायला लागले. (मानेत लचक भरली ती त्यानेच. तुला मी गार वाऱ्याचं कारण कळवलं होतं.) मग म्हटलं, नुसता संशय नको, परीक्षा घेऊ. माझी अंगठी मुद्दाम बेसिनच्या कडेवर ठेवली. संध्याकाळी ती मला औषधाच्या छोट्या पाकिटात परत मिळाली. पाकिटावर तारीख, वेळ आणि 'बेसिनजवळ सापडली'. दुसऱ्यांदा ठेवली, दुसरं पाकीट. तिसऱ्या पाकिटावर खाली आणखी एक ओळ होती: 'अंगठी सैल झाली आहे, आतून दोरा गुंडाळून पाहा.' आता एवढं सरळ वागणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असलंच पाहिजे की नाही, तूच सांग.

पाकीट औषधाचं का, तर ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कामाला आहे. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, गोळ्यांच्या तारखा तपासायच्या, आणि बाटलीबरोबर येतो ना तो घडी घातलेला कागद, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, तोसुद्धा ही शेवटपर्यंत वाचते. आमच्या प्रार्थनामंडळात सगळ्या त्याच दुकानात जाणाऱ्या. मी तिथे फक्त एवढंच म्हटलं, की आमच्या धाकटीचं देवाशी काही नाही हो, औषध हातात देताना मनात काय असेल कोण जाणे. मी निंदा केली नाही, काळजी व्यक्त केली. झालं, बायका दोन चौक ओलांडून भर उन्हात पलीकडच्या दुकानात जायला लागल्या. एकीने तर खोकल्याची उघडलेली बाटली परत नेऊन दिली. महिन्याभरात मालकाने धाकटीला सांगितलं, गिऱ्हाईक बिचकतंय, तुम्ही सकाळीच या, दुपारी नको. ती घरी येऊन नुसती चष्मा पुसत बसली. मला जरा वाईट वाटलं. (जरा.) पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला पुढे कळलं, कारण तिच्या दुपारी मीच रिकाम्या करून तिला घरात आणून बसवली होती.

आणि दुपार माझी होती, ताई. सासूबाईंची नजर गेल्यापासून सात वर्षं रोज तीन वाजता खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून मी त्यांना ग्रंथ वाचून दाखवायचे. मंडळात त्यावरून मला केवढा मान. सून असावी तर अशी, हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी किती वेळा ऐकलं आहे. आता तुला म्हणून सांगते, वाचल्यावर पत्र फाड. ग्रंथाचे अध्याय सत्तेचाळीस, आणि माणसाला कामं असतात. मी अध्यायाचं पहिलं पान सावकाश वाचायचे, शेवटचं सावकाश वाचायचे, आणि मधली पानं एकदम उलटायचे. सुरुवात नि शेवट पक्का असला की मधलं देव सांभाळून घेतो अशी माझी श्रद्धा आहे. चौदावा अध्याय तर अकरा पानांचा, तो मी कधी उघडलाच नाही, तेराव्यावरून थेट पंधरावा. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. एकदाही अडवलं नाही, एकदाही काही विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्या वाणीत गुंगल्या आहेत.

मागच्या महिन्यात माझा घसा बसला. (मंडळात बोलून बोलून. कशाबद्दल ते वर लिहिलं आहे.) तीन दिवस आवाज फुटेना, तेव्हा सासूबाईंनी धाकटीला बसवलं. मी पांघरुणात तोंड घालून हसले, म्हटलं आता फजिती बघा. तर बाईने ग्रंथ हातात घेतला तो छापखान्याच्या पत्त्यापासून वाचायला सुरुवात केली. मग मागचं शुद्धिपत्र काढलं, आणि पेन्सिल घेऊन एकेक चूक तिच्या तिच्या जागी दुरुस्त केली. पहिला दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवसापासून एक अक्षर गाळेना. कोणतं गाळायचं असतं हे तिला ठाऊकच नाही ना. जुना शब्द अडला की थांबायची आणि सासूबाईंना विचारायची, आई, याचा अर्थ काय? आणि सासूबाई सांगायच्या. उशीला टेकून बसून, हात हलवून, लहानपणीच्या गोष्टी मध्ये घालून. चौथ्या दिवशी त्या खळखळून हसल्या. सात वर्षांत माझ्या वाचनाला त्या एकदाही हसल्या नव्हत्या, ताई. मी स्वयंपाकघरात लाटणं धरून उभी होते आणि माझ्या पोटात असं काही दुखलं की मी ओवा खाल्ला. ओव्याने जाण्यातलं ते नव्हतं. तुला आईने जरीची साडी दिली आणि मला साधी, तेव्हा दुखलं होतं तसं.

घसा सुटताच मी तीन वाजता जाऊन खुर्चीशी उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, असू दे, तू घसा जप. दुसऱ्या दिवशी गेले, तर म्हणाल्या, तुला केवढी कामं असतात, मला का कळत नाही. यात खोच होती की माया हे मला अजून समजलेलं नाही. ह्यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, वाचतेय ना ती? मग झालं. घरचा पुरुष असा, आणि माझ्या सात वर्षांच्या बिळावर आयता नागोबा बसलेला. शेवटी मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना घेऊन आले. त्यांनी खोलीत येऊन, धाकटीकडे न बघता, भारदस्त आवाजात विचारलं, न मानणाऱ्याच्या तोंडून ऐकलेल्याचं पुण्य लागतं का हो? सासूबाई म्हणाल्या, बरं झालं आलात, आज चौदावा सुरू करतोय. तुमचा तर पाठच असेल, तुम्हीच सांगा, म्हणजे हिला वाचायला नको. अध्यक्षबाईंना एकदम आठवलं, की त्या गॅसवर आधण ठेवून आल्या आहेत. (त्यांची शेगडी तेव्हा पंधरा दिवस दुरुस्तीला होती. मुलीकडे जेवायच्या.) जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही.

मग मी काट्याने काटा काढायचं ठरवलं. धाकटी दुपारी घरी का, तर दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून. तेव्हा गिऱ्हाईक परत गेलं पाहिजे. मी मंडळात तिची स्तुती करायला लागले. पहिल्या दिवशी दाढ उपटल्यासारखं तोंड झालं होतं. अंगठीची तिन्ही पाकिटं पर्समध्ये घालून घरोघर फिरले, तारीख-वेळ दाखवली, म्हटलं अशी सचोटीची मुलगी दिवा घेऊन शोधा. मग त्या सगळ्यांना दिसेल अशी दुकानात उभी राहून तिच्या हातून घशाच्या गोळ्या घेतल्या आणि तिथेच एक तोंडात टाकली. काळजी व्यक्त केली होती तेव्हा दोन दिवसांत गाव फिरलं. स्तुतीला मात्र तीन आठवडे लागले, आणि तरी दोघी-तिघी अजून पलीकडच्याच दुकानात जातात. सांगता सांगता मलाच सगळं पटायला लागलं, तेव्हा मी घाईने थांबले. धाकटीला कुठून तरी कळलं. परवा ती मला म्हणाली, वहिनी, तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय. मी म्हटलं, मीठ आणायचंय.

तोवर चौदावा चालूच आहे, सासूबाईंच्या गोष्टी मध्ये येतात म्हणून दिवसाला जेमतेम अर्धं पान. मी ऐकत नाही. मी दाराबाहेर फडकं मारत असते, आता कानावर पडलं तर कान काढून ठेवू? (आमच्या दाराची चौकट आता आरशासारखी झाली आहे.) त्यात एक गवंडी आहे. गावाचं प्रार्थनास्थळ बांधतो, दगडाला दगड असा बसवतो की नख शिरू नये, पण स्वतः आत जाऊन हात जोडत नाही. गाव म्हणतं, याने बांधलेली कमान टिकायची नाही, कोसळून भलत्याचा जीव जाईल. शेवटी ठरतं, की कमानीचे टेकू काढायचे त्या दिवशी बरोबर खाली यानेच उभं राहायचं. तो येतो, हातातली थापी पुसून बाजूला ठेवतो आणि उभा राहतो. पहिला टेकू काढतात, दुसरा काढतात, आणि तेवढ्यात आपलं दूध उतू गेलं. मी परत येईपर्यंत पान मिटलं होतं आणि दोघी चहाचं बोलत होत्या.

तर ताई, मुद्द्याचं. सासूबाई तुझा शब्द मानतात. तू त्यांना चार ओळी लिही (हे वाचून दाखवतील), की ग्रंथ श्रद्धावान माणसानेच वाचावा, सात वर्षांची सेवा वाया घालवू नये, आणि खुर्ची जिची तिला द्यावी. माझं नाव येऊ देऊ नकोस. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, गुडघ्यांना तेल लाव.

तुझीच,
(एकेकाळची आदर्श) बहीण

ता. क. १ : सासूबाईंना पत्र लगेच टाकू नकोस. चौदावा संपू दे.

ता. क. २ : आपल्या माहेरची ग्रंथाची प्रत तुझ्याकडे आहे. तेवढं चौदाव्याचं शेवटचं पान बघून उलट टपाली कळव, कमान त्याच्या अंगावर पडते का. इथे मला बघता येत नाही. ग्रंथ सासूबाईंच्या उशाशी असतो, आणि कोणाला विचारावं तर सात वर्षं काय वाचलंस असं म्हणतील. आधी मला वाटत होतं पडावी. काल रात्रीपासून वाटतंय, पडू नये. दगड चांगले बसवले होते त्याने.

ता. क. ३ : पत्र दोन दिवस पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात डाव जिंकले. दुकानाच्या मालकाने धाकटीला उद्यापासून पुन्हा दुपारी बोलावलं आहे. खुर्ची माझी. पेढे वाटावे अशी बातमी, पण सकाळपासून मी दोनदा भाजीत मीठ घातलं.

ता. क. ४ : आत्ताच तीन वाजले. मी फडकं घेऊन दाराशी गेले. आतून सासूबाई धाकटीला म्हणाल्या, "उद्यापासून तू नाहीस, तर आज चौदावा पुरा कर. आणि जरा मोठ्याने वाच. बाहेर मोठी उभी आहे. सात वर्षं तिनं मला वाचून दाखवलं, तिला कोणी वाचून दाखवलं नाही." मग धाकटी उठली, वेताची खुर्ची ओढून दाराजवळ आणून ठेवली, आणि स्वतः जमिनीवर बसून पान काढलं. पाणी पिऊन येते म्हणून मी उठले आहे आणि हे उभ्या उभ्या लिहिते आहे, त्या थांबल्या आहेत. ताई, गवंड्याचं कळवू नकोस.