सोयाबीन ठेवा असं मीच बोलले

बाबा, लिहिताना चुका होतील त्या समजून घे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाच जमलं न्हाय आणि मोबाइलवर मी एका अंगठ्याने टाइप करते. एक ओळ लिहून होईपर्यंत डब्यातली भाजी गार होते. आत्ता जेवायची सुट्टी हाय. दोन थप्प्यांच्या मधे पोत्यांची जी गल्ली असते, तू जिथे डबा खायचास, तिथेच बसलेय. पत्रे नवीन हायत, गेट मोठं केलंय, पण भिवंडीतलं दापोड्याचं गोडाऊन तेच. तू गेलास तेव्हा मी दुसरीत होते. आता मी अठरा वर्षांची हाय. तुझंच काम करते असं लोक बोलतात, पण तसं काय न्हाय. ट्रक आला की हमाल पोत्यात परखी खुपसतो, त्या पोकळ सळईतून दाणे बाहेर येतात, ते मी मशीनमध्ये टाकते आणि ओल किती ते सांगते. सांगते पण न्हाय खरं तर. मी चिठ्ठीवर लिहून दाखवते. आमचा मुकादम यूपीचा, तो रोज बोलतो, "अरे बिटिया, नमी बता रही है कि चिट्ठी डाल रही है?" सगळे हसतात. मीपण हसते, खाली बघून.

तू मशीनशिवाय करायचास. दाणा दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. टक् झालं तर सुका, चपटा झाला तर ओला. घरी आई चुलीवर कणीस भाजतेय, धूर डोळ्यात चाललाय आणि तू शर्टाच्या खिशातून सोयाबीनचे दाणे काढून माझ्या हातावर ठेवतोस. बोलतोस, चाव. मला तेव्हा पुढचे दात न्हायत, मी दाढेने चावते. आई ओरडते, "पोरीला काय गोडाऊनला लावतो काय आतापासून?" आणि तू बोलतोस, "दात पडलेत तर राहिलेल्यांना कायतरी काम नको?" ते दाणे कच्चे, कडवट लागायचे. मी थुंकायचे न्हाय, कारण तू माझ्या तोंडाकडे बघत असायचास. रविवारी आपण अकलोलीच्या कुंडावर जायचो तेव्हा गरम पाण्यात तुझ्या केसातून आठवड्याची धूळ निघायची, पिवळी, मक्याची. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच पिवळे होतात.

एक शनिवार मला रोज आठवतो. तू मला गोडाऊनला घेऊन आलास आणि त्या दिवशी येवल्याकडचे काका आले होते. त्यांच्या गावातल्या शेतकऱ्यांचा गट हाय, सगळ्यांचा माल एकत्र करून ट्रकने इकडे आणतात, कारण इथून तेलवाले आणि कोंबडीखाद्यवाले उचलतात. तू त्यांचा दाणा चावलास आणि बोललास, "सुका हाय, चार महिने काय होत न्हाय याला." काका बोलले, "ते झालं. पण भाव वाढंल का?" तू पोत्याचं तोंड बांधायला लागलास. मी तुझ्या पायामागे उभी होते, काय झालं मला माहीत न्हाय, मी जोरात बोलले, "वाढेल!" सगळे हसले, काकांनी मला लिमलेटची गोळी दिली. मला वाटलं मी कायतरी मोठं केलं. बसमध्ये तू मला मांडीवर घेतलं न्हायस. वज्रेश्वरीला उतरलो, तू खाली बसलास, माझ्या फ्रॉकची नाडी बांधत बोललास, "दाण्याचं बोलायचं. भावाचं बोलायचं न्हाय. दाणा आपल्या दाताखाली असतो. भाव कोनाच्या दाताखाली हाय ते आपल्याला दिसत न्हाय." मारलं न्हायस, पण ती नाडी इतकी घट्ट बांधलीस की घरी आईला कात्री लावायला लागली.

त्याच्यानंतर तुला कावीळ झाली, आणि तू गेलास. मग मी बोलणं कमी केलं. तुझ्यामुळे झालं असं माझं म्हणणं न्हाय, आपोआप झालं. नववीत बाई उभं करायच्या, उत्तर यायचं मला, पण घशातून बाहेर यायचं न्हाय, आणि मागची बाकं हसायची. एक दिवस गेलेच न्हाय. दुसऱ्या दिवशी पण न्हाय. आईने महिनाभर समजावलं, मग तीच गोडाऊनच्या सुपरवायझरशी बोलली.

आता खरं सांगायचं ते. तुझा नंबर आईने बंद केला न्हाय, तोच मी वापरते. म्हणून हे तुला पाठवायची सोय न्हाय, पाठवलं तर माझ्याच खिशात वाजेल. माघात येवल्याचे काका आले, म्हातारे झालेत, काठी हाय. माल उतरवला, आणि मी मशीन लावायच्या आधी सवयीने एक दाणा दाढेखाली घेतला. ते बघतच राहिले. बोलले, "माय, तुझा बाप असाच चावायचा. माझ्या फोनमधे त्याचंच नाव हाये आजून, म्या काढलं नही." मग त्यांनी विचारलं, "भाव पडलेला हाये. गटातले अर्धे म्हनतात इकून टाका, अर्धे म्हनतात थांबा. तुझा बाप काय म्हनला असता?"

बाबा, मला बोलायचं होतं की माहीत न्हाय. दोनच शब्द. पण माझ्या तोंडातून आलं, "ठेवा. होळीनंतर वाढेल." आणि तो आवाज माझा नव्हता. मी असं सावकाश, जड बोलतच न्हाय. तू दाणा थुंकून मग थोडं थांबून बोलायचास, तेवढं थांबणं पण त्यात होतं. मुकादम मागे वळून बघायला लागला. काकांनी कपाळाला हात लावला, देवळात लावतात तसा, आणि बोलले, "झालं मंग." त्या दिवशी मला कोणी बिटिया बोललं न्हाय. चहा पहिला मला दिला. घरी जाताना बसच्या काचेत मी माझंच तोंड बघत होते, आणि जबडा तुझा होता.

होळी गेली. गुढीपाडवा गेला. मक्याचे ट्रक आत येत न्हायत तोच उचलले जातात, आणि सोयाबीनची थप्पी तशीच. मी सुपरवायझरला विचारलं, म्हणजे चिठ्ठीवरच, की असं का. तो बोलला, "अगं मक्यातून स्पिरिट काढतात, पेट्रोलात घालायला. मग जो चोथा राहतो तो कोंबड्यांना चालतो, स्वस्त पडतो. पूर्वी कोंबड्या सोयाबीनची पेंड खायच्या. आता कोण विचारतो पेंडीला?" मी विचारलं, मग वाढेल कधी. तो हसला. "ते मला माहीत असतं तर मी तुझ्यासोबत इथे घाम काढत बसलो असतो का? आणि यंदा बघ, सगळेच मका लावणार. मग पुढच्या वर्षी मक्याचं काय, ते पण कोणाच्या बापाला माहीत न्हाय." बापाला बोलला आणि जीभ चावली त्याने, पण मला राग आला न्हाय. बरोबरच होतं ते.

काका दर आठवड्याला फोन करायचे. स्क्रीनवर त्यांचा नंबर आला की मी फोन आधी पोत्यावर उलटा ठेवायचे, मग उचलायचे. गटातली एक बाई हाय, एकटीच शेती करते, तिला चैत्रातच विकायचं होतं, काकांनी तिला थांबवलं. ती त्यांना गावात सगळ्यांसमोर बोलली, "तुमचा भिवंडीचा देव काय म्हनतो, विचारा एकदा. नैवेद्य लागत असंल तर तेपन सांगा." काका मला हसत सांगायचे, पण हसून झाल्यावर खोकायचे. "तुझ्या बापाचा शब्द हाये म्हनून सांगितलं तिला," असं बोलायचे. मी "हां" बोलायचे. त्याच आवाजात. नंतर नंतर तर मला गल्लीत पोत्यांच्या पलीकडून टक् ऐकू यायचं, भर दुपारी, हमाल बाहेर सावलीत झोपलेले असताना. मी उठून बघायचे. उंदीर असेल. पण उंदीर एकदाच कशाला चावेल, एकदाच, आणि मग थांबेल, कोणीतरी काय बोलतंय ते ऐकल्यासारखा.

गेल्या सोमवारी मी काकांच्या थप्पीतला दाणा चावला. टक् झालं न्हाय. खाडीकडून दमट वारा सुटलाय, पाऊस जवळ आला, पोती ओल ओढायला लागलीत. मशीनपण तेच दाखवत होतं. मी मधलं पोतं बघितलं, वरचं बघितलं. वरच्या थरातले दाणे सगळे चपटे. पावसात राहिलं तर दाणा काळा पडतो, वास येतो, मग तेलवाला पण हात लावत न्हाय. भावाचं सोड, मालच राहणार न्हाय. ते मला कळत होतं, कारण ते दाण्याचं होतं. तेवढं मला तू शिकवलंयस.

काल मी स्वतः फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला फोन लावला असेल. तिकडे रिंग वाजतेय आणि मला वाटतंय की आत्ता त्यांच्या फोनवर तुझं नाव दिसत असेल. त्यांनी उचलला, "बोल माय." मी बोलले, काका, दाणा ओला व्हायला लागला, पाऊस पडायच्या आत काढा. ते बोलले, "आन भाव?" मी बोलले, "बाबा भावाचं कधीच बोलायचे न्हाय. ते मी बोलले. मला काय माहीत नव्हतं. मी त्यांच्या नावावर बोलले."

त्यांनी खोकून घेतलं. मागे कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग बोलले, "ते मला म्हाईत हाये."

मी बोलले, काय?

"तुझ्या बापानं इतक्या वर्सात भावाचं एक अक्षर काढलं नही माझ्यापाशी. म्या किती वेळा इचारलं त्याला, चहा पाजला, गावाकडचं गूळ-शेंगदाणे आनले. नही म्हंजे नही. तू बोलली तवाच मला कळलं हे पोरीचं हाये."

मी विचारलं, मग तुम्ही का ऐकलं?

"मलापन थांबायचंच होतं गं. माझ्या नावावर कुनी थांबलं नसतं. मागच्या वर्सी म्या सांगितलं आन सगळे बुडाले, तवापास्नं गटात माझं कोन ऐकतंय? मेलेल्या मानसाला कुनी उलटून बोलत नही. आपन दोघांनी त्याला मधे घातलं, तू आन मी." मग हळू बोलले, "त्या बाईला आता मलाच सांगाया पाहिजे. तुझं नाव नही काढत. परवा गाड्या लावतो." फोन ठेवताना सवयीने विचारलंच, "आता पेरू काय, मका का सोयाबीन?" मी बोलले, बियाणं चावून बघा. ते हसले. पुन्हा खोकले.

मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. बाई तिकडे नुकसान सोसणार, काका तिच्यासमोर मान खाली घालणार, आणि मी इथे मशीनपाशी बसलेली, माझं काहीच गेलं न्हाय. रागवायचं तर माझ्यावर रागव. त्यांच्यावर नको, ते खूप खोकतात. आज सकाळपासून पोत्यांच्या पलीकडे कसलाच आवाज न्हाय. मी दोनदा जाऊन कान लावला. आणि हे कोणाला बोलणार न्हाय म्हणून इथे लिहून ठेवते, पाठवणार तर न्हायच. माझ्या तोंडातून यायच्या त्या आवाजाची मला भीती वाटायची हे खरं, पण त्या चार महिन्यांत मला सगळे ऐकून घ्यायचे. आता परत चिठ्ठी. तो आवाज गेला याचं मला काल रडू आलं, त्या बाईच्या नुकसानीचं न्हाय आलं.

शिट्टी झाली, मुकादम बोलवतोय. आणि हां, आईला काल चष्मा लागला. काळी फ्रेम घेतली. ती बोलते, सगळ्यांची तोंडं एकदम जवळ आलीत.