कडीला अडकवलेली काकवी

मंगळवार, ९ डिसेंबर

आज स्पॅनिशच्या ऑनलाइन क्लासात 'आल्गियेन' आणि 'नादिए' झालं. कुणीतरी आणि कुणीच नाही. बाई एकेकाला विचारत होत्या, आत्ता घरात कुणी आहे का? माझी पाळी आली आणि नेमकी दारातून हाक आली, "हाय का कोन घरात?"

कोडोलीची आत्या. आवाज ओळखला, तरी उठले नाही. ती आत आली की चहा, मग जेवणाचा आग्रह, क्लास गेलाच. 'नो आय नादिए,' म्हणाले. घरात कुणीच नाही. बाई म्हणाल्या, छान!

आणखी एक हाक आली. मग बंद.

क्लास संपल्यावर दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला पिशवी. आत काकवीची बाटली, अजून कोमट. गुऱ्हाळावरून तशीच एसटीत बसली असणार.

लगेच फोन केला. "दोनदा हाक मारली की गं. म्हटलं, कोन न्हाय वाटतं."

तेव्हा तरी खरं बोलायचं ना? "हो आत्या, कुणीच नव्हतं," म्हणाले. ती बरं म्हणाली.

बाटली ओट्यावर आहे, उघडवत नाही. त्या कडीला कुलूप नव्हतं. पिशवी अडकवताना आत्याला दिसलंच असणार.